दाराच्या उजवीकडचा देवमासा

ऐंशीच्या दशकाच्या मध्यात, संक्रांतीनंतरच्या सोमवारी, जयपूरमधल्या आमच्या रेल्वे क्वार्टरच्या दर्शनी भिंतीवर आईने एक देवमासा काढला. तो नऊ फूट लांब होता. दाराच्या उजवीकडची भिंत आठच फुटांची होती, त्यामुळे शेपटीचं एक टोक कोपऱ्यावरून वळून शेजाऱ्यांच्या बाजूला गेलं. त्याच आठवड्यात शुक्रवारी दुपारी कॉलनीतल्या चौदा बायका आमच्या घरी माझ्या लग्नाची गाणी म्हणायला आल्या. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. माझं लग्न ठरलेलं नव्हतं.

या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध आहे, हे आम्हाला त्यानंतरच्या सोमवारी कळलं.

कॉलनी खातीपुऱ्याच्या बाजूला होती. बाबा रेल्वेच्या मालधक्क्याच्या कचेरीत कारकून होते आणि बदलीवर आदल्या जूनमध्ये आम्हाला घेऊन तिथे आले होते. ते मूळचे भुसावळचे. रेल्वे क्वार्टरमध्ये जन्मलेल्या माणसाला दुसऱ्या रेल्वे क्वार्टरमध्ये परकं वाटायचं काही कारण नसतं. नळ कुठे असेल आणि तो कुठे गळत असेल, हे बाबांना दार उघडण्याआधीच माहीत होतं. आई दापोलीकडच्या, किनाऱ्यावरच्या एका गावची. कोकणात तेव्हा रेल्वे नव्हती. तिने पहिली आगगाडी लग्न ठरल्यावर पाहिली आणि पुढचं सगळं आयुष्य रुळांपासून शंभर पावलांच्या आत काढलं.

क्वार्टर सगळे सारखे होते. पिवळी भिंत, हिरवं दार, दारावर काळ्या रंगात नंबर. समोरासमोर दोन रांगा, मध्ये मोकळी जागा. हिवाळ्यात या मोकळ्या जागेत कॉलनीतल्या बायका उन्हाला खाटा टाकून बसत, मटार सोलत, स्वेटर विणत. आई आमच्या खिडकीतून त्यांच्याकडे बघत असे. जून ते जानेवारी, या सात महिन्यांत त्यांच्यातली एकही आमच्या घरात आली नाही. आईही त्यांच्यात जाऊन बसली नाही.

याचं कारण पुढे स्पष्ट झालं. तिकडे नव्याने आलेल्या बाईने आधी गोडधोड घेऊन शेजारी जायचं असतं. आईच्या गावी जुन्या शेजारणींनी नव्या बाईकडे आधी यायचं असतं. सात महिने दोन्ही बाजूंनी आपापली रीत काटेकोर पाळली.

शहरात मराठी माणसं होती, पण जवळ नव्हती. दुर्गापुऱ्याला एक कुटुंब होतं. तिथे जायला दोन बस बदलाव्या लागत आणि पोचल्यावर त्या घरच्या काकू आईला विचारत, "मतलब, तुम्ही आज परत जाणार ना?" त्यांची मुलं आईशी मराठीत दोन वाक्यं बोलत आणि मग दमून हिंदीत जात. आई तिथे दोनदा गेली.

दुपारी ती चित्रं काढी. गावी असताना तिने चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा 'ब' श्रेणीत पास केलेली होती, आणि 'ब' का मिळाली याबद्दल तिची परीक्षकाविरुद्ध तक्रार कायम होती. बाबा कचेरीतून बाद झालेले फॉर्म आणत. एका बाजूला मालाचं वजन, डब्याचा नंबर, कुठून कुठे. दुसरी बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर आई देवमासे काढी. फक्त देवमासे. कागदाच्या मध्यभागी एक, आजूबाजूला काही नाही.

"पाणी कुठंय यात?" बाबांनी एकदा विचारलं.

"असेल की," आई म्हणाली. "त्याला दिसतंय."

नंतर मी ते फॉर्म मोजले. सापडले ते एकतीस. एकाही कागदावर दोन देवमासे नाहीत.

डिसेंबरात बाबांनी अदलाबदलीच्या बदलीचा विषय काढला. रेल्वेत अशी सोय असते: आपल्याच हुद्द्याचा माणूस दुसऱ्या गावी शोधायचा, त्याला आपल्या गावी यायचं असलं पाहिजे, दोघांनी अर्ज करायचे आणि जागा बदलून घ्यायच्या. बाबांनी डहाणूचा एक कारकून शोधला होता. त्याचं घर अलवरला होतं आणि त्याला समुद्राचा कंटाळा आला होता.

"डहाणूला समुद्र आहे," बाबा आईला म्हणाले. "मराठी माणसंही आहेत. अर्ज जानेवारीच्या शेवटच्या शनिवारपर्यंत द्यायचाय. तू सांग."

आधी एक हळदीकुंकू करून बघते, असं आई म्हणाली. सगळ्या कॉलनीला बोलवायचं. आल्या तर राहू, नाही आल्या तर डहाणू.

तयारी पद्धतशीर झाली. वाण म्हणून चहाच्या गाळण्या आणल्या. तिळाचे लाडू झाले. हरभरे भिजत पडले. मग आईच्या लक्षात आलं की सगळी घरं सारखी आहेत आणि आपलं घर कुणाला ठाऊक नाही.

"घराला काहीतरी खूण नको का?" ती म्हणाली. "गावी सांगता येतं, फणसाच्या शेजारचं घर. इथे काय सांगू? पिवळ्याच्या शेजारचं पिवळं?"

सोमवारी बाबा कचेरीत गेल्यावर तिने चुन्यात कपड्यांची नीळ कालवली, त्यात डिंकाचं पाणी घातलं, थोडी चुलीची काजळी घातली आणि स्टुलावर चढली. संध्याकाळी बाबा सायकलवरून आले, दारासमोर थांबले, नंबर वाचला आणि आत आले.

"सरकारी भिंत आहे," ते म्हणाले.

"पुसता येते," आई म्हणाली.

गुरुवारी मला घरोघर निमंत्रण द्यायला पाठवलं. वाक्य आईने पाठ करून घेतलं होतं: "आंटीजी, कल चार बजे मम्मी ने सब औरतों को बुलाया है." पहिल्याच घरी पुढचा प्रश्न आला, "किस बात का बुलावा है, बेटा?" त्याचं उत्तर पाठ करून घेतलेलं नव्हतं. मी सांगितलं, "मम्मी बताएँगी," आणि लाजून पळाले. मी लाजून पळाले, ही गोष्ट नंतर पुरावा म्हणून पुढे आली.

त्याच दिवशी संध्याकाळी आमच्या समोरच्या क्वार्टरमधल्या बाई मोकळी जागा ओलांडून आल्या. त्यांचे यजमान मालगाडीवर गार्ड होते, म्हणून आम्ही त्यांना गार्डबाई म्हणत असू. त्या शेखावाटीतल्या, झुंझुनूकडच्या. त्या भागात भिंतीवर चित्रं काढण्याची जुनी पद्धत आहे, आणि या विषयात कॉलनीत त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई. कमरेवर हात ठेवून त्यांनी देवमाशाकडे बराच वेळ पाहिलं. आई दारात उभी होती. गार्डबाईंनी दाराच्या डावीकडच्या रिकाम्या भिंतीकडे बोट दाखवलं.

"इधर वाला कब बनेगा?"

"इधर?" आई म्हणाली.

"अकेला नहीं बनाते, भाभीजी. जोड़ा बनाते हैं."

एवढं बोलून त्या गेल्या. कॉलनीतल्या कुणी आईशी आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य होतं. आईने रात्रीच्या जेवणात ते बाबांना दोनदा सांगितलं.

तिकडे दाराच्या दोन्ही बाजूंना हत्ती काढतात, कधी घोडे. घरात लग्न निघालं की काढतात. गार्डबाईंनी सोमवारी समोरच्या खिडकीतून पाहिलं होतं ते असं: दाराशेजारी एक मोठं, राखाडी-निळं, गोलसर जनावर, बारीक डोळ्याचं. पाय अजून काढायचे होते. सोंड अजून काढायची होती. निष्कर्ष काढायला त्यांना मंगळवारची वाट पाहावी लागली नाही. महाराष्ट्रातून आलेल्या या बंद दाराच्या घरात लग्न आहे, हत्ती काढणारी बाई नवशिकी आहे, आणि आता बुलावाही आला आहे.

शुक्रवारी चार वाजता चौदा बायका आल्या. आईने वीस गाळण्या आणल्या होत्या आणि पाच-सहा जणी येतील असा तिचा अंदाज होता. बायकांनी आणलेलं सामान असं: एक नारळ, त्याला लाल दोरा गुंडाळलेला, एक ताट बत्तासे, एक ढोलक.

आईने सगळ्यांना सतरंजीवर बसवलं आणि हळदीकुंकू लावलं. लग्नघरात हळद लावतातच, त्यामुळे पाहुण्यांची खात्री पटली. आईने गुलाबपाणी शिंपडलं. पाहुण्यांनी ढोलक ओढलं आणि बन्नीची गाणी सुरू केली. बन्नी म्हणजे नवरी. आईला हा शब्द माहीत नव्हता. ती सुरावर मान डोलावत होती. तिळाचे लाडू वाटले, हरभरे वाटले, मग गाळण्या. गाळणी हातात घेतल्यावर एक-दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. लग्नात वाटायची वस्तू म्हणून ती त्यांना नवीन होती.

"तुम्ही बसो ना," आई सगळ्यांना सांगत होती. "आरामात बसो. मैं चहा टाकती."

"बन्नी को तो बुलाओ," एक बाई म्हणाली.

मला आतल्या खोलीतून आणण्यात आलं. गार्डबाईंनी माझ्या डोक्यावर स्वतःची लाल ओढणी घातली, कपाळाला टिळा लावला आणि हातावर बत्तासा ठेवला. गाण्याचा आवाज वाढला. आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. नंतर तिने मला सांगितलं, तिला वाटलं, इथल्या बायका संक्रांतीला मुलींचंही कौतुक करतात, किती चांगली पद्धत.

चौदाव्या बाई सगळ्यात शेवटी आल्या. त्या बाबांच्या साहेबांच्या पत्नी होत्या. त्यांनी दारातच माझ्याकडे पाहिलं.

"ये?" त्या म्हणाल्या. "इतनी-सी?"

ढोलक थांबलं. कुणीतरी माझं वय विचारलं. मी खरं ते सांगितलं. कुणीतरी आईला विचारलं, "भाभीजी, पक्का हो गया क्या?"

आईच्या हातात चहाचं पातेलं होतं. तिला वाटलं, चहाबद्दल विचारतायत. "हो गया, हो गया," ती म्हणाली. "दो मिनट."

दहा मिनिटांत घर रिकामं झालं. गाळण्या त्या घेऊन गेल्या. चहा तसाच राहिला. आईच्या मते कार्यक्रम उत्तम झाला होता; फक्त इथे चहा न घेता जायची पद्धत दिसते. त्याच संध्याकाळी तिने मावशीला कार्ड लिहिलं. ते कार्ड मावशीने जपून ठेवलं आणि पुढे मला दिलं. त्यात आहे: "चौदा जणी आल्या. गायल्या. तुझ्या भाचीला डोक्यावर घेतलं. मला उगीच वाटत होतं."

शनिवारी आई सकाळी दार उघडं ठेवून बसली. रविवारीही. समोर खाटा होत्या, मटार होते. आईला पाहिल्यावर खाटांवरचं बोलणं बंद होई आणि बायका मटारांकडे बघत. मला बघून दोघी-तिघींनी डोळ्याला पदर लावला.

सोमवारी बाबांना साहेबांनी बोलावलं. हे संभाषण हिंदीत झालं. बाबांनी सांगितलेलं आणि त्यांच्या टेबलाशेजारच्या कारकुनाने दारामागून ऐकलेलं, दोन्ही जुळतं.

"तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," साहेब म्हणाले.

बाबांना भिंतीचा विषय आदल्या सोमवारपासूनच अपेक्षित होता. "चूक झाली साहेब. बायकोची फार इच्छा होती."

"बायकोची इच्छा! आणि तुम्ही गप्प बसलात?"

"मी म्हटलं होतं, आधी लेखी परवानगी काढू."

"याला परवानगी कोण देतो?"

"बांधकाम विभाग देतो साहेब."

साहेबांनी चष्मा काढला. "मुलगी काय म्हणते?"

"मुलगी खूश आहे. तिने शाळा बुडवून मदत केली."

"तुमच्याकडे सगळेच करतात का हे?"

"सगळे नाही साहेब. ज्यांना जमतं ते."

"वय काय त्याचं?"

बाबांना हा प्रश्न अनपेक्षित होता, पण साहेबांच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं अशी त्यांना सवय होती. "मोठा आहे साहेब. बायकोच्या मते साठ-सत्तर तरी असेल."

साहेब उभे राहिले. "आणि राहतो कुठे?"

"समुद्रात."

यानंतर साहेबांनी क्वार्टरचा नंबर विचारला, यावरही दोन्ही साक्षीदारांचं एकमत आहे.

जेवणाच्या सुट्टीत साहेब स्वतः भिंत पाहायला आले. बाबा मागे, कारकून त्यांच्या मागे. मला शाळेला सुट्टी होती. साहेबांनी विचारलं, "याचे पाय कुठे आहेत?" बाबांनी मासा असल्याचं सांगितलं. देवमासा हा मासा नाही, असं मी म्हणाले, कारण ते शाळेत शिकवलेलं होतं. त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. हत्ती, जोडी, लग्न, गाणी: सगळी साखळी तिथेच, भिंतीसमोर, पाच मिनिटांत उलगडली. साहेब हसले. कारकून साहेबांच्या नंतर हसला. जाताना साहेब म्हणाले की पुढच्या महिन्यात वरिष्ठांची पाहणी आहे, तोवर भिंत पिवळी झालेली बरी.

आई दारात उभी राहून ऐकत होती. ती हसली नाही.

"म्हणजे त्या माझ्याकडे आल्या नव्हत्या," ती बाबांना म्हणाली.

"आल्या तर होत्या," बाबा म्हणाले.

"लग्नाला आल्या होत्या. ते माझं घर असतं काय, दुसऱ्या कुणाचं असतं काय." ती आत गेली आणि आतून म्हणाली, "तो डहाणूचा अर्ज भरा."

बाबांनी त्या संध्याकाळी अर्ज भरला. आईची त्यावर सही लागत नव्हती, पण बाबांनी तो तिला वाचून दाखवला. शनिवारी द्यायचा म्हणून तो ट्रंकेवर ठेवला.

मंगळवारी दुपारी आईने बादलीत चुना कालवला, त्यात पिवळी माती घातली, स्टूल बाहेर नेलं आणि शेपटीकडून सुरुवात केली. शेपटीचं टोक, जे शेजाऱ्यांच्या बाजूला होतं, ते गेलं. दुसऱ्यांदा तिने कुंचला बुडवला तेव्हा समोरून आवाज आला.

"अरे अरे अरे! पोंछो मत!"

गार्डबाई अनवाणी धावत आल्या. त्यांनी आईच्या हातातून कुंचला काढून घेतला. दारावर काढलेलं हाताने पुसायचं नसतं, ऊन-पावसाने आपोआप जाऊ द्यायचं असतं, असं त्यांचं म्हणणं होतं. आई म्हणाली, ते लग्नाचं असतं, हे लग्नाचं नाही. गार्डबाई म्हणाल्या, कळलं ते, सगळ्या कॉलनीला कळलं, साहेबांच्या बायकोला तर तोंड दाखवायला जागा उरली नाही. मग त्यांनी भिंतीकडे नीट पाहिलं.

"तो ये है क्या?"

आईचं हिंदी इथे संपलं. पुढचं तिने मराठीत सांगितलं आणि मी मध्ये उभी राहून हिंदी करत गेले. ती नऊ वर्षांची असताना गावच्या किनाऱ्यावर एक देवमासा येऊन पडला होता. जिवंत होता की नाही, यावर गावात दोन मतं होती. अख्खं गाव बघायला गेलं. बाया-माणसं त्याच्याभोवती उभी राहिली, कुणी हळद-फुलं वाहिली, संध्याकाळी सगळे घरी गेले. आई मागे राहिली. नंतर तिला शोधायला माणसं आली तेव्हा ती त्याच्या डोळ्याशी बसलेली होती.

"काय करत होतीस?" हे मीच विचारलं.

"काही नाही. सगळे बघून गेले, बसलं कुणीच नाही. म्हणून."

मी याचं हिंदी केलं. गार्डबाईंनी भिंतीवरच्या देवमाशाकडे पाहिलं. त्याच्या पोटावरच्या लांब रेघा वरच्या बाजूला होत्या आणि डोळा खाली. पुस्तकात चित्र याच्या उलट असतं, हे मला ठाऊक होतं आणि मी ते आईला चित्र काढलं त्या सोमवारीच सांगितलं होतं. तिने मला विचारलं होतं, पुस्तकवाल्याने पाहिलाय का? मी पाहिलाय.

"उलटी पड़ी है बेचारी," गार्डबाई म्हणाल्या.

"हो," आई म्हणाली. हे तिला हिंदीतही कळलं.

गार्डबाईंनी कुंचला बादलीत टाकला, चौकट ओलांडून आत गेल्या आणि बाबांच्या खाटेवर पाय वर घेऊन बसल्या. "उस दिन की चाय बाकी है, भाभीजी," त्या म्हणाल्या.

आईने चहा टाकला. गाळायची वेळ आली तेव्हा घरात गाळणी नव्हती. उरलेल्या सहा आईने त्या दिवशी घाईघाईत दारातून जाणाऱ्या बायकांच्या हातात कोंबल्या होत्या, त्यात घरातली रोजचीही गेली. गेले चार दिवस आम्ही फडक्याने चहा गाळत होतो. गार्डबाईंनी मला समोर पाठवलं आणि त्यांच्या दोन गाळण्यांपैकी एक मागवली.

चहा पिताना त्यांनी काही गोष्टी स्पष्ट केल्या. तुम्ही सात महिने दार लावून बसला होतात, आम्हाला वाटलं, बाई घमेंडी आहे. आई म्हणाली, दार धुळीसाठी लावत होते. धूळ सगळ्यांकडेच येते, गार्डबाई म्हणाल्या, त्यासाठी कुणी दार लावत नाही. दुसरी गोष्ट, एकटं काढायचं नसतं, हे त्यांनी गुरुवारीच सांगितलं होतं, आणि ऐकलं असतं तर ही वेळ आली नसती. तिसरी गोष्ट, नीळ कमी पडली आहे.

बुधवारी डावीकडचा देवमासा सुरू झाला. डावीकडची भिंत सहाच फुटांची होती, म्हणून त्याला शेपटी अंगाखाली दुमडून घ्यावी लागली. तो सरळ काढायचा, असं गार्डबाईंनी ठरवलं, आणि आईने ऐकलं. पाठीवर झूल हवी, असंही त्यांनी ठरवलं. हत्तीला असते तशी, लाल, कडेला गोंडे. आईने नकार दिला. समुद्रात झूल भिजते, असं तिचं म्हणणं होतं. गार्डबाईंच्या मते रंगाची झूल भिजत नाही. शेवटी गेरूची एक अरुंद झूल झाली, गोंड्यांशिवाय. लाटा गार्डबाईंनी स्वतः काढल्या. त्या अंगणात मांडणं, म्हणजे तिकडची रांगोळी, काढतात तशा, सगळ्या एका मापाच्या होत्या.

स्टूल धरायला आधी मी होते. गुरुवारी दोन बायका होत्या. शुक्रवारी खाटा आमच्या दारासमोर आल्या, कारण तिथून दिसत होतं. सूचना खाटांवरूनच येत होत्या.

"डोळा जरा मोठा करा, भाभीजी. आंधळा वाटतोय."

"नवरा कोणता यातला?"

"उलटा पडलाय तो. ड्यूटीवरून आलाय ना."

साहेबांच्या पत्नी शुक्रवारी आल्या. त्या आमच्या घरात बसल्या, चहा घेतला, माझी वेणी नीट केली आणि शाळेत कितवा नंबर येतो ते विचारलं. लग्नाचा विषय कुणी काढला नाही. जाताना त्यांनी विचारलं की एखादं लहान पिल्लू त्यांच्या दाराशी जमेल का, आणि पाहणीचं मी बघते, असं म्हणाल्या. आईने पिल्लू इथेच काढते, दोघांच्या मध्ये, दारावरच्या पट्टीत, पण तुमच्या नावाचं, असं सांगितलं. त्यावर गार्डबाई म्हणाल्या, मग माझ्याही नावाचं. मग इतरांची नावं आली.

शनिवारी सकाळी बाबांनी ट्रंकेवरचा अर्ज घेतला, घडी केली आणि खिशात घातला.

"जातो देऊन," ते आईला म्हणाले. "आज शेवटचा दिवस."

आई स्टुलावर होती. "डावा अजून वाळला नाही," ती म्हणाली.

बाबांनी खिसा चाचपला. "डहाणूला समुद्र आहे," ते म्हणाले.

"आहे ना. कुठे जातोय तो," आई म्हणाली. "ती नीळ द्या वर."

बाबांनी नीळ दिली. अर्ज दुपारी त्यांच्या खिशातून माझ्याकडे आला. त्याची मागची बाजू कोरी होती आणि पिल्लांचं माप घ्यायला आईला कागद हवा होता.

पाहणी पुढच्या महिन्यात झाली. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याने आमच्या दारासमोर थांबून विचारलं, हे काय आहे? साहेब म्हणाले, मछली. अधिकाऱ्याने विचारलं, रजिस्टरमध्ये आहे? साहेब म्हणाले, आहे. तेव्हा नव्हती. दुसऱ्या दिवशी बांधकाम विभागाचा माणूस येऊन मोजून गेला, आणि मग होती.

आम्ही त्या घरात आणखी चार वर्षं राहिलो. बाबांची नेहमीची बदली झाली तेव्हा क्वार्टरचा ताबा परत देण्याचा कागद झाला. त्याची प्रत माझ्याकडे आहे. त्यात हिंदीत लिहिलं आहे: पंखे दोन, नळ तीन, एक गळका. खिडकीची काच एक, तडकलेली. त्याखाली: दीवार पर मछली, बड़ी दो, छोटी पाँच, हालत ठीक. खाली बाबांची सही आहे. साक्षीदाराच्या रेघेवर गार्डबाईंची आहे.